पगाराची तारीख गेल्यानंतर

नोकरदाराच्या घरातला महिना एका मेसेजवर चालतो. तीस-एकतीसला पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, पाचला होम लोनचा हप्ता जातो, सातला एसआयपी, दहाच्या आत सोसायटीचा मेन्टेनन्स, मग शाळेची फी, वाणी, दूधवाला. नोकरी सोडली की या सगळ्या तारखा जागच्या जागी राहतात, फक्त पहिली नाहीशी होते. कॉर्पोरेट सोडून स्वतःचं काम सुरू करणाऱ्यांना कामाची भीती नसते, ते पंधरा-वीस वर्षं हाताखालून गेलेलं असतं. अडतं ते काम संपल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंतच्या अंतरापाशी. हे अंतर आधी कुणी मोजून दाखवत नाही, म्हणून इथे ते मोजायचं आहे.

आधी राजीनाम्यापूर्वीची कामं. सॅलरी स्लिप हातात असताना जी गोष्ट आठवड्यात होते, तिला नंतर दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. होम लोन, टॉप-अप, क्रेडिट कार्ड यासाठी नोकरदाराला तीन महिन्यांच्या स्लिपा आणि फॉर्म १६ पुरतो. स्वतःचं काम करणाऱ्याकडे बँका साधारण दोन ते तीन वर्षांची रिटर्न्स मागतात. भाड्याने राहत असाल तर लीव्ह अँड लायसन्स करारही आधीच नवा करून घ्या. मुंबईत घरमालक आणि ब्रोकर दोघंही पहिला प्रश्न 'कुठे कामाला?' हाच विचारतात.

आरोग्य विम्यात तर चूक परवडतच नाही. कंपनीचा ग्रुप विमा सहसा शेवटच्या दिवशीच संपतो. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली तर पहिले ३० दिवस अपघात सोडून कशालाच कव्हर नसतं आणि आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोकरी सोडायचा विचार पक्का झाला की, नोटीस द्यायच्या वर्षभर आधीच, स्वतःची पॉलिसी घ्या. थांबायचा काळ नोकरीतच सुरू होतो. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, म्हणजे आधी लागणारे १८ टक्के वाचतात. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असणारे आई-वडील असतील तर ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे एचआरकडून लेखी विचारून घ्या आणि अर्ज नोकरीत असतानाच करा.

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. चार वर्षं अकरा महिन्यांवर राजीनामा देऊन नंतर वाद घालण्यापेक्षा महिना थांबा. रकमेचा हिशोब सोपा आहे: शेवटचा बेसिक अधिक डीए म्हणजे महागाई भत्ता (नोव्हेंबर २०२५पासून ही बेरीज पगाराच्या निम्म्याहून कमी असेल तर निम्मा पगार धरतात), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. पीएफला हात लावू नका. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर करपात्र होतो, आणि त्याहून मोठं नुकसान हे की म्हातारपणाचा पैसा पहिल्या मंदीतच संपतो. तेवढं करा की पीएफच्या पोर्टलवर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे का ते पाहा. टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःला टाकता येते. पीएफसोबतच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. ती झाली असेल तर तो भाग काढता येत नाही, ५८व्या वर्षापासून पेन्शनच मिळते.

नेमणूकपत्र काढून पुन्हा वाचा. नोकरी संपल्यावर त्याच क्षेत्रात काम करू नये, अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण गोपनीयतेची आणि कंपनीची गिऱ्हाइकं ओढू नयेत ही कलमं वेगळी, ती हलकी समजू नका. पहिलं काम जुन्याच क्लायंटकडून घेणार असाल तर वकिलाला शंभर टक्के दाखवा.

आता किती महिन्यांची शिल्लक हवी. सहा महिने, असं सगळीकडे सांगतात. कॅलेंडर मांडून बघा. ३१ मे शेवटचा दिवस धरा. जूनमध्ये भेटीगाठी, जुलैअखेर एक काम पक्कं, ऑगस्टमध्ये काम, ३१ ऑगस्टचं बिल, त्यात क्लायंटकडे व्हेंडर (पुरवठादार) म्हणून नोंद व्हायला दोन-तीन आठवडे, मग पैसे द्यायची ४५ दिवसांची मुदत. पहिले मोठे पैसे नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतात. तोवर पाच महिने झालेले असतात आणि दिवाळीही तोंडावर आलेली किंवा होऊन गेलेली असते. सहा महिन्यांच्या शिल्लकीवर निघालेला माणूस इथे शेवटच्या महिन्यावर उभा असतो आणि नेमक्या त्याच वेळी पडेल त्या भावात काम घेतो. दहा ते बारा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यांसकट, वेगळा ठेवूनच निघा. तो एफडीत किंवा लिक्विड फंडात हवा. शेअर्समध्ये ठेवलात तर बाजार पडलेला असतानाच तुम्हाला विकावे लागतील.

भाव ठरवणं ही पुढची अडचण. नोकरी सोडून आलेला माणूस मनातल्या मनात जुना पगार भागिले बावीस करतो. हातात १,२०,००० येत असतील तर दिवसाचे ५,४५५ निघतात, मग तो सहा हजार सांगतो आणि आपण चांगला भाव मागितला असं त्याला वाटतं. खरा हिशोब असा मांडा. घरासाठी १,२०,००० गुणिले १२ म्हणजे १४ लाख ४० हजार. बेसिक ६०,००० असेल तर पीएफमध्ये तुमचे आणि कंपनीचे मिळून दरमहा १४,४०० जात होते, वर्षाचे १,७२,८००. तेवढी बचत आता तुम्हालाच करायची आहे. विमा ४० हजार धरा. लॅपटॉपचा घसारा, सॉफ्टवेअर, इंटरनेट, सीएची फी, को-वर्किंगचे दिवस, प्रवास असे दोन लाख. बेरीज साडेअठरा लाखांच्या आसपास येते.

आता दिवस मोजा. ३६५मधून शनिवार-रविवारचे १०४ वजा केले की २६१ उरतात. सणवार १५, सुट्टी १५, आजारपण ६ काढा, २२५ उरले. हे सगळे बिलाचे दिवस नाहीत. प्रपोजल लिहिणं, भेटायला जाणं, पैशांसाठी फोन, जीएसटी, प्रिंटर बिघडणं यात जवळपास निम्मे जातात. १२० दिवस विकले गेले तर पहिलं वर्ष चांगलं म्हणायचं. साडेअठरा लाख भागिले १२० म्हणजे दिवसाला साधारण १५,५००. सहा हजार आणि साडेपंधरा हजार यांत जे अंतर आहे, त्यात कित्येकजण दीड वर्षात परत नोकरी शोधू लागतात. बाजारात हा भाव मिळत नसेल तर दोनच खरे उपाय आहेत: घरखर्च खाली आणा, किंवा रिटेनरवर, म्हणजे दरमहा ठरलेल्या रकमेवर, दोन क्लायंट बांधून दिवस वाढवा. १५० दिवस विकले तर तोच हिशोब साडेबारा हजारांच्या आत बसतो. रात्री जागून काम करणं हा तिसरा उपाय अनेकांना सुचतो. तो सहा महिने चालतो, मग पाठ किंवा डोळे थकतात आणि आजारपणाची रजा आता बिनपगारी असते.

कागदपत्रं त्या मानाने लवकर होतात. मुंबईत दुकान-आस्थापना नोंदणीला अजून 'गुमास्ता'च म्हणतात. २०१७च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे वीसपेक्षा कमी कामगार असतील तर (२०२५च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहा होती) फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, पावती लगेच मिळते आणि बँकेत ती चालते. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे. तिचे पैसे मागणाऱ्या वेबसाइट सरकारी नाहीत. व्यवसाय कर विसरू नका. नोकरीत दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापून कंपनी भरत होती. आता स्वतःच्या नावाने पीटीईसी (व्यवसाय कराची नोंदणी) काढून तेच २,५०० रुपये दरवर्षी ३० जूनच्या आत भरायचे. रक्कम लहान आहे, पण चार-पाच वर्षांनी व्याज-दंडासकट नोटीस येते तेव्हा ती लहान राहत नाही.

जीएसटी सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीनंतर सक्तीचा. त्याआधी घ्यावा का? तुमचे क्लायंट मोठ्या कंपन्या असतील तर त्यांना तुमच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, म्हणजे ते स्वतःच्या जीएसटीतून वजा करता येतात, त्यामुळे त्यांना फरक पडत नाही, आणि काही कंपन्या जीएसटी नंबरशिवाय व्हेंडर कोडच उघडत नाहीत. क्लायंट घरगुती माणसं, छोटे क्लास, दवाखाने असतील तर आधीच नंबर घेऊ नका. तुम्ही त्यांना उगाच १८ टक्क्यांनी महाग व्हाल. नंबरासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल लागतं. घर आईच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांची एनओसी जोडा. भाड्याच्या घरात मालक बहुधा नाही म्हणतो, तेव्हा को-वर्किंगवाल्यांकडून पत्ता घेणं हाच मार्ग उरतो.

आणि आता ते बिल, ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं. एक लाखाचं काम झालं. बिल १,१८,०००चं: एक लाख, त्यावर ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा), ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा), क्लायंट राज्याबाहेर नोंदलेला असेल तर या दोन्हींऐवजी १८ टक्के आयजीएसटी. कंपनी टीडीएस, म्हणजे तुमच्या आयकरापोटी आधीच काही रक्कम, कापते, व्यावसायिक फीवर १० टक्के, आणि तो फक्त एक लाखावर. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर त्यावर टीडीएस लागत नाही, तरी चुकून पूर्ण रकमेवर कापला जातो, ते तपासा. खात्यात येतात १,०८,०००. त्यातले १८,००० तुमचे नाहीत. म्हणजे लाखाच्या कामाचे हातात नव्वद हजार. ही झाली रक्कम. तारीख याहून वाईट आहे. जीएसटीचं देणं बिलाच्या तारखेला लागू होतं, पैसे मिळाल्यावर नव्हे. ३१ ऑगस्टचं बिल, तर १८,००० तुम्ही २० सप्टेंबरपर्यंत भरायचे, तिमाही योजनेत असाल तरी महिन्याचं चलन २५ तारखेला जातंच. क्लायंटचे पैसे मात्र नोव्हेंबरमध्ये. अशी चार बिलं एकदम अडकली की ७२ हजार स्वतःच्या खिशातून सरकारकडे गेलेले असतात. म्हणून काम संपायच्या आधी बिल घाईने काढू नका, कायद्याने सेवा पूर्ण झाल्यावर ३० दिवसांचा वेळ आहे. क्लायंटची मंजुरीची ईमेल आली, पीओ (परचेस ऑर्डर) नंबर हातात आला, मग बिल. आगाऊ मागण्यासाठी टॅक्स इन्व्हॉइस नको, प्रोफॉर्मा म्हणजे कच्चं बिल पाठवा. आगाऊ पैसे खात्यात आले की मात्र तेवढ्यावर जीएसटी त्याच महिन्यात लागतो.

मोठ्या कंपनीत बिल कुठे अडतं हे त्याच कंपन्यांतून आलेल्या माणसालाही माहीत नसतं, कारण तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होता. पीओ नंबर बिलावर नाही, परत. पीओतलं वर्णन आणि बिलातलं वर्णन जुळत नाही, परत. पॅनवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव यात मधलं नाव कमी-जास्त, व्हेंडर कोड अडला. काम देणाऱ्या मॅडमनी सिस्टिममध्ये 'सेवा मिळाली' अशी नोंद केली नाही, बिल महिनाभर तसंच पडून, आणि तुम्ही मात्र अकाउंट्सला फोन करत बसता. पेमेंट रन महिन्यातून दोनदाच असतो, आणि बिल घ्यायची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी २५च्या आसपास. काम घेतानाच तीन प्रश्न विचारा: पीओ कोण काढणार, मंजुरी कोण देणार, बिल कुठल्या ईमेलवर जाणार. क्लायंटला यात अवघड वाटत नाही, उलट माणूस सरावलेला आहे हे कळतं.

उद्यमचा नंबर बिलावर छापा, कारण उशिराविरुद्ध तेच तुमचं हत्यार आहे. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पीओवर ९० दिवस छापले म्हणून कायदा बदलत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. २०२३-२४पासून आयकराच्या तेव्हाच्या कलम ४३बी(एच)ने यात आणखी दम आणला: मुदतीत न दिलेला आणि वर्ष संपेपर्यंतही थकलेला पैसा कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्समधून आपणहून फोन येतात. पहिल्याच ईमेलमध्ये कलमं घालू नका. आधी साधं स्मरणपत्र, मग उद्यम प्रमाणपत्र जोडून विनंती, अगदीच हलेना तर एमएसएमई मंत्रालयाच्या तक्रार पोर्टलवर तक्रार. आणि १८० दिवसांत तुमचे पैसे दिले नाहीत तर कंपनीला घेतलेलं जीएसटी क्रेडिट परत करावं लागतं, हेही अकाउंट्सला कळतं.

छोट्या क्लायंटकडे यातलं काहीच नसतं, तिथे उपाय सोपा: ४० ते ५० टक्के आगाऊ, आणि शेवटची फाइल शेवटच्या पैशांनंतर. करारात किती वेळा बदल करून द्यायचे हे आकड्यात लिहा. 'थोडेफार बदल' असं लिहिलं की ते थोडे राहत नाहीत.

आयकरात व्यावसायिकांना मोठी सोय आहे. बोलण्यात अजून तिला ४४एडीए म्हणतात. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलले, सोय राहिली. ठरलेल्या व्यवसायांना, म्हणजे तांत्रिक सल्ला, आयटी, वास्तुरचना, अकाउंट्स, कायदा, वैद्यकी, इंटिरियर वगैरे, ५० लाखांपर्यंतच्या जमेपैकी निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा ७५ लाख. हिशोबाच्या वह्यांची कटकट नाही, आगाऊ कर एकदाच, १५ मार्चपर्यंत. तुमचं काम त्या यादीत बसतं का हे सीएला विचारा, स्वतः ठरवू नका.

वरच्या साडेअठरा लाखांवर हे लावून बघा. उत्पन्न धरलं सव्वानऊ लाख. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेटमुळे कर शून्य. पण सगळ्या क्लायंटनी १० टक्के टीडीएस कापलेला आहे, १ लाख ८५ हजार. तो पूर्ण परत मिळतो, पण रिटर्न भरल्यावर, म्हणजे पहिल्या बिलाचा कापलेला पैसा वर्षभरानेही येऊ शकतो. करच नसताना दीड महिन्याचा घरखर्च सरकारकडे अडकून पडतो. कमी दराने टीडीएस कापण्याचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळवता येतं, जुन्या भाषेत फॉर्म १३. दोन-तीन मोठे ठरलेले क्लायंट असतील तर सीएच्या फीपेक्षा ते नक्की जास्त वाचवतं.

मुंबईत आणखी एक हिशोब असतो, जागेचा आणि गाडीच्या वेळेचा. वन बीएचकेमध्ये दुपारी कुकरची शिट्टी, शेजारच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट आणि 'घरीच आहेस ना, तेवढा सिलेंडर घे' हे तिन्ही क्लायंटच्या कॉलवरच येतात. घरच्यांना दिवसाच्या वेळा कागदावर लिहून द्या, दारावर लावा. कृत्रिम वाटतं, पण चालतं. राऊटरला छोटा यूपीएस लावा. को-वर्किंगची महिन्याची खुर्ची पहिल्या वर्षी नको, डे पासने भागवा आणि भेटी त्याच दिवशी लावा. भेटीची वेळ बारा ते तीन मागा, म्हणजे जाता-येता दोन्ही वेळची गर्दी टळते. एका दिवसाच्या भेटी एकाच मार्गावर ठेवा. ऑक्टोबर २०२५पासून आरे ते कफ परेड मेट्रो ३ पूर्ण धावते, त्यामुळे बीकेसी, वरळी आणि चर्चगेट एका फेरीत होतात. गोरेगाव आणि बेलापूर मात्र एका दिवशी लावू नका, लावलंत तर तो पूर्ण दिवस बिलात धरा. जून ते सप्टेंबरच्या करारात 'मुसळधार पाऊस असल्यास बैठक ऑनलाइन' ही ओळ घाला.

राहिली पगाराची तारीख. ती परत बनवता येते. सगळी जमा कामाच्या खात्यात घ्या. जीएसटीचे पैसे आले त्याच दिवशी तिसऱ्या खात्यात टाका. दर महिन्याच्या एक तारखेला कामाच्या खात्यातून घरच्या खात्यात एकच ठरलेली रक्कम जाऊ द्या, जुन्या पगारापेक्षा थोडी कमी, समजा नव्वद हजार. बिलं भरपूर आलेल्या महिन्यातही ती वाढवू नका. कामाच्या खात्यात सहा महिन्यांची रक्कम साठली की मगच वाढवा. एका क्लायंटचा वाटा निम्म्याच्या वर गेला असेल तर ती वाढ आणखी पुढे ढकला. सोमवारी सकाळी अर्धा तास फक्त येणे असलेल्या पैशांच्या यादीला द्या: बिल नंबर, तारीख, रक्कम, कोणाकडे अडलंय. मार्चची बिलं २० तारखेच्या आत पोचवा, वर्षअखेरीला सिस्टिम बंद होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात जुन्या भाषेतलं २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचं विवरण, उघडून यादीतल्या प्रत्येक कपातीसमोर टिक करा. कंपन्यांना शेवटच्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न ३१ मेपर्यंत भरायचं असतं, तेव्हा जी कपात दिसत नाही तिच्यासाठी त्याच दिवशी ईमेल पाठवा.